मामाची रॅम, काकाची रॅम

आमच्या घरचा कॉम्प्युटर कूलरनं मेला. वैशाखात अमरावतीची माणसं कूलरच्या जिवावर तगून राहतात, आमच्याकडे त्याच कूलरनं जीव घेतला. झालं असं, की माझी लेक दिवसभर त्या यंत्रापुढे बसून काम करायची आणि आतला पंखा सारखा घरघरायचा. आमच्या ह्यांना त्या पंख्याची दया आली. उभी हयात पाण्याच्या खात्यात नोकरी केली, पण पाणी कुठं सोडावं आणि कुठं सोडू नये हे काही अंगात मुरलं नाही. "तेबी तापून राहिलं ना बिचारं," म्हणाले, आणि तो थबथबलेला कूलर फिरवून सरळ कॅबिनेटकडे तोंड करून लावला. यंत्रानं आठवडाभर ओला वारा खाल्ला आणि एका मंगळवारी दुपारी टप्प करून बंद पडलं.

लेकीनं उघडून पाहिलं. मदरबोर्ड गेला होता. प्रोसेसर शाबूत, रॅम शाबूत, डिस्क शाबूत. ही सगळी मंडळी ज्याच्यावर बसतात तो पाटच तेवढा गेला होता. एका कोपऱ्यात हिरवट बुरशीसारखा डाग होता. हे वाकून वाकून पाहत म्हणाले, "कूलरनं नसन झालं." मी फडकं आणायला गेले. बोलले असते तर तो दिवस त्यातच गेला असता.

आता हे यंत्र म्हणजे काही पत्ते खेळायचं साधन नव्हतं. माझी लेक न बांधलेल्या घरांची चित्रं काढते. कुणाला बंगला बांधायचा असतो. तो बांधून झाल्यावर उन्हात कसा दिसेल, दिवे लागल्यावर कसा दिसेल, दारात गाडी कुठं उभी राहील, हे सगळं ती आधीच करून दाखवते. शिकली नागपूरला. तिच्याबरोबरची सगळी पोरं पुण्याला पळाली, ही घरी परत आली. "आई, मले इथंच राहाचं हाये. काम इथून बी होते," हे तिचं एकच म्हणणं. आणि तिला पुण्याच्याच एका ऑफिसनं पारखण्यापुरतं एक काम दिलं होतं. एका दवाखान्याच्या इमारतीची चित्रं होती, येत्या सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठवायची. पसंत पडली तर कायमचं काम, तेही घरी बसून. नाही पडली तर तिच्या काकानं वरुडकडचं एक स्थळ आणून ठेवलंच होतं आणि ह्यांनी त्या मंडळींना "सोमवार होऊ द्या, मग पाहू" असं सांगून ठेवलं होतं. म्हणजे पोरीचं आपल्या घरात, आपल्या हिमतीवर राहणं त्या एका सोमवारावर टांगलेलं होतं. मला ते ठाऊक होतं. बाकीच्या घराला त्या आठवड्यात भलतीच काळजी लागली.

ती काळजी रॅमची होती. रॅम म्हणजे काय ते लेकीनं मला माझ्या भाषेत सांगितलं होतं. ती यंत्राची परात. परात मोठी असली की एका वेळी जास्त कणीक मळता येते, लहान असली की पीठ बाहेर सांडतं. तिच्या कामाला मोठी परात लागते. ती तिला तिच्या मामानं दिली होती.

हा मामा म्हणजे माझा मोठा भाऊ. आमचं माहेर पातूरकडचं, फुलांच्या शेतीचं, आणि दादा आता अकोल्याच्या बाजारात फुलांचा गाळा चालवतो. पोरगी शेवटची परीक्षा पास झाली तेव्हा तो साडी घेऊन यायचा तर रॅमच्या दोन पट्ट्या घेऊन आला, पेढ्यांच्या डब्यावर ठेवून, वर हळदकुंकू लावून. डीडीआर फोर जातीची, दोन्ही मिळून बत्तीस जीबी. आमच्याकडे मामाचा आहेर घरातून काढत नाहीत. विटला, विरला, उंदरानं खाल्ला तरी घडी करून पेटीत ठेवतात. माझी एक आख्खी पेटी अशा आहेरांनी भरलेली आहे, आणि त्यातलं एकही लुगडं धड नेसण्यासारखं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण ह्यांच्या पोटात पाणी टिकत नाही. यंत्र गेल्याचं त्याच संध्याकाळी धाकट्या भावाला फोनवर सांगून मोकळे. हे माझे दीर, शेंदूरजनाघाटला असतात, संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. दुसऱ्या दिवशी नागपुरात त्यांचं काही काम होतं. येताना ते न विचारता, न सांगता रॅमच्या दोन पट्ट्या घेऊनच दारात उभे. नव्या जातीची, डीडीआर फाइव्ह, लाल-निळे-हिरवे दिवे लागणारी. पाकीट गाडीतच फोडून टाकलेलं, म्हणजे दुकानदार परत घेणार नाही याची सोयही करून ठेवलेली.

"वहिनी," म्हणाले, "पोरगी आमच्या घरची हाये. सगळं काय मामाच देईन?"

लेकीनं पट्टी हातात घेऊन पाहिली. "काका, नवी हाये, चांगली हाये. पन ही दोन्ही मिळून सोळाच हाये. मले बत्तीस लागते. अन् मामाच्या जागी ही बसत नाई, हिची खाच अलग असते."

"मंग दोन्ही बसन असा बोर्ड आन ना. त्यात काय मोठं."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण ह्यांना ते भारी पटलं. भावाचंही राहिलं, साळ्याचंही राहिलं, आणि स्वतःला काही बोलावं लागलं नाही. नोकरीतही यांनी कोणत्या फायलीवर कधी स्वतःचं मत लिहिलं असेल असं मला वाटत नाही. "पहा बरं असा बोर्ड," पोरीला म्हणाले, आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं.

गुरुवारी आम्ही मायलेकी राजकमल चौकाकडच्या दुकानांतून फिरलो. पहिल्यानं आमचा जळका बोर्ड हातातसुद्धा घेतला नाही. लांबूनच म्हणाला, "ताई, हे मॉडेल बंद झालं. आता सगळंच नवं घ्या." हे वाक्य त्या धंद्यात रामराम म्हटल्यासारखं म्हणतात. रॅमचे भाव हल्ली सराफ्यातल्यासारखे रोज चढून राहिलेत आणि हा माणूस सगळंच नवं घ्या म्हणतो. दुसऱ्याकडे मामाच्या जातीचा साधा बोर्ड मिळत होता, पण मुंबईहून यायला आठ दिवस. आमचा सोमवार त्याच्या आत निघून जात होता. तिसऱ्यानं पोरीला समोर उभं असूनही तिच्याकडे न पाहता मला विचारलं, "मिस्टर नाही आले का?" मी म्हटलं, "ते कूलरजवळ हायेत." त्याला काही कळलं नाही, पोरीला मात्र त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं.

संध्याकाळी दादाचा फोन. त्याच्या गाळ्यापासून जवळच्या एका दुकानात एक बोर्ड होता, जुनी बी चालते, नवी बी चालते असा. लेकीनं दुकानदाराशी बोलून घेतलं. प्रोसेसर चालेल का, खाचा किती, कोणत्या जातीच्या, सगळं नीट विचारलं. फोन ठेवून मला म्हणाली, "आई, हाच घेऊ. आता मामाची लावीन. पुढं माही कमाई झाली की नवी मोठी घेईन, बोर्ड बदलाचं काम नाई. दोन्ही चालते, पन एका टायमाले एकच."

एका टायमाले एकच. हे वाक्य तिनं त्या आठवड्यात इतक्यांदा म्हटलं की मला झोपेत ऐकू यायला लागलं. आणि 'दोन्ही चालते'च्या पुढचा हा अर्धा भाग आमच्या खानदानात एकाही माणसाच्या कानात शिरला नाही.

शुक्रवारी आम्ही बसनं अकोल्याला गेलो. दादा दुकानात आधीच येऊन बसला होता, खांद्यावर ओला टॉवेल, लग्नसराईचे दिवस म्हणून बोटं झेंडूनं पिवळी. दुकानदारानं खोकं उघडून बोर्ड दाखवला. एका बाजूला मामाच्या जातीच्या दोन खाचा, त्यांच्या शेजारी नव्या जातीच्या दोन.

"म्हंजे दोन्ही मिळून अठ्ठेचाळीस," दादा म्हणाला.

"नाई मामा, एका टायमाले एकच."

"अवं, मंग जागा कायले देली चौघाईले?" दादानं मला बाजूला घेतलं. "बाई, आमी काय करतो? कालचा झेंडू आजच्यात मिसळतो. हार एकच होते. गिऱ्हाइकाले काही समजते काय? पोरीले म्हनाव, कंजूषी नोको करू, दोन्ही घाल. तुह्या दिराची बी घाल, माह्या मनात काही नाई. माही तेवढी समोर दिसली पायजे."

माह्या मनात काही नाही असं माणूस म्हणतो तेव्हा मनात पोतंभर असतं. मी त्याला म्हटलं, "दादा, हे झेंडू नाही." तो म्हणाला, "सगळं झेंडूच असते, बाई." बोर्ड घेतला, परत आलो.

घरी आल्यावर दिराचा फोन. त्यांना ह्यांनी अर्थातच कळवलं होतं. लेकीनं पुन्हा तेच समजावलं. तिकडून उत्तर आलं, "पोरी, जंबेरी लिंबाच्या खुंटावर आपन संत्र्याचा डोळा बांधतो. खुंट कोनता, डोळा कोनता? अलग जात हाये ना? झाड एकच होते ना? गोड संत्रं लागते ना? मंग हे काहून नाई होत?" नर्सरीतल्या माणसाला जगात जे काही आहे ते कलम वाटतं. एकाचा झेंडू, दुसऱ्याची जंबेरी. पोरीनं पाच वर्षं ज्याचं शिक्षण घेतलं आणि रोज जे हातानं करते, त्यावर बोलायला दोघांनाही तिची गरज नव्हती.

शनिवारी तिनं बोर्ड बसवला. मामाची रॅम लावली. यंत्र सुरू झालं तेव्हा तिनं नुसता श्वास सोडला आणि लगेच कामाला बसली. रात्री झोपायच्या आधी दवाखान्याचं एक चित्र पुरं झालं होतं. पोर्चमध्ये ऊन पडलेलं, बाकावर एक म्हातारी बसलेली. मी म्हटलं, "ही म्हातारी कोण?" म्हणाली, "तूच हायेस, पुढं." मला ते चित्र फार आवडलं. अजून तीन बाकी होती.

आणि ह्यांनी काय करावं? रविवारी दोघांनाही जेवायला बोलावून ठेवलं. "एकदाच दोघायच्या समोर दाखवून देऊ, म्हंजे कोनाले वाईट नाई वाटनार." आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मी गच्चीवर गोवऱ्या पेटवल्या, कणकेचे रोडगे निखाऱ्यात लावले, वांग्याची भाजी टाकली. पाहुणे येणार म्हटल्यावर दुसरं काय करणार. पोरगी खाली काम करत होती, रोडगे फिरवायला घटकाभर वर आली, आणि तेवढ्यात दीर आले.

आम्ही खाली गेलो तर दोघं भाऊ कॅबिनेटपुढे मांडी घालून. काच उघडलेली. मामाच्या पट्ट्या जागेवर होत्याच, त्यांच्या शेजारी दिरांनी आपल्या दोन्ही दाबून बसवल्या होत्या, आणि बोटाला ओलं कुंकू होतं ते कॅबिनेटच्या कपाळी लावून झालं होतं. पडदा काळा. यंत्र चालूच होत नव्हतं.

"काढा," पोरगी म्हणाली.

"अवं पन जागा हाये ना..."

"काका, काढा."

तिनं स्वतः काढल्या. दिरांच्या काढल्या, मामाच्या राहू दिल्या, यंत्र सुरू केलं. पडद्यावर दवाखाना आला. दिरांनी हात धुतले, ओसरीत जाऊन बसले आणि म्हणाले, "वहिनी, मले भूक नाई."

ज्यांनी वऱ्हाडात संसार केला नाही त्यांना या वाक्याचं वजन कळायचं नाही. लग्नघरी एखाद्या आत्याचा रुसवा निघतो तोवर मुहूर्त टळतात आमच्याकडे. आणि रोडगे लावलेल्या घरात भूक नाही म्हणणं म्हणजे भांडण जाहीर करणं. ह्यांचा चेहरा उतरला. पोरीच्या मागे मागे फिरायला लागले. "बेटा, त्याच्या जेवनापुरती त्याची लाव. तो गेला की काढ. काय जाते आपलं?" तिचं काय जात होतं ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण बापाला नाही म्हणता आलं नाही तिला. यंत्र बंद केलं, मामाच्या पट्ट्या काढून खिडकीत कागदावर ठेवल्या, काकाच्या लावल्या. लाल, निळे, हिरवे दिवे लागले. दीर उठून आत आले, खुर्ची ओढून त्या दिव्यांपुढे बसले, आणि त्यांना भूक लागली.

लेकीनं काम उघडून पाहिलं. मेमरी पुरत नाही म्हणून पाटी आली आणि दवाखाना गेला. लहान परात. तिनं पडदा बंद केला आणि पानं वाढायला आली.

दादा आला तो बरोबर याच वेळी. हातपाय धुऊन आत आला, दिवे पाहिले. दिराला रामराम घातला. वाकून काचेतून बराच वेळ पाहिलं.

"माही काहून पेटून नाई राहिली?"

दीर रोडगा कुस्करण्यात गुंतले. हे पाणी आणायला म्हणून उठले ते परत आले नाहीत. पोरगी म्हणाली, "मामा, जेवून घ्या, मी तुमचीच लावीन, मले तुमचीच लागते." पण दादाची नजर खिडकीकडे गेली होती. तिथं मी सकाळी मिरच्या वाळत घातल्या होत्या, आणि कागदावर मिरच्यांच्या शेजारी त्याच्या दोन पट्ट्या पडलेल्या होत्या. त्यानं त्या उचलल्या, मिरचीचं एक बी फुंकून उडवलं, रुमालात बांधल्या, खिशात घातल्या.

"बाई, आमच्या वस्तूचा या घरी कचरा होऊन राहिला. आमी घेऊन जातो."

मी दारापर्यंत गेले. पोरगी फाटकापर्यंत गेली. ह्यांनी न्हाणीघरातून "अवं थांबा, थांबा" म्हटलं, पण बाहेर आले नाहीत. दादा रिक्षात बसला आणि स्टेशनला गेला. दीर आतून म्हणाले, "वहिनी, वरण जरा वाढा."

मी वरण वाढलं. त्या वेळी त्यांच्या डोक्यावर ओतायला हवं होतं, हे माझं आजही मत आहे.

रात्री पोरगी रडली नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडली. तीन चित्रं बाकी आणि यंत्र त्यांना हात लावू देत नव्हतं. हे दोनदा येऊन "सकाळी पाहू काही" म्हणून गेले. तेव्हा मी ठरवलं की सकाळी कोणी काही पाहायचं नाही, मीच जायचं.

सोमवारी पहिल्या बसनं अकोला. गाळ्यावर पोचले तेव्हा दादा हारांवर पाणी मारत होता. मला पाहून म्हणाला, "चहा घेशीन?"

"पट्ट्या कुठं हायेत?"

त्यानं मानेनं गल्ला दाखवला. उघडला तर लक्ष्मीच्या फोटोपुढे रुमालावर दोन्ही पट्ट्या, वर एक झेंडूचं फूल. सकाळी पूजा झालेली. मी फूल काढलं, पट्ट्या ओल्या नाहीत ना ते पदरानं पुसून पाहिलं.

"दादा, पोरीचं काम आज संध्याकाळी द्यायचं हाये. तुले मान पायजे का पोरगी?"

"मान काय माह्या एकट्याचा हाये, बाई? तुहा बी हाये. तुह्या माहेरची वस्तू तुह्या घरी मिरच्यांत वाळून राहिली, अन् तू पाहून राहिली."

"माहेरच्या वस्तूंनी माही पेटी भरली हाये. एक तरी कामाची हाये का त्यात? ही एकच हाये कामाची, तर तू ती बी घेऊन आला. पोरगी रात्रभर जागी होती. तिच्यापुढं दिराचे दिवे पेटून राहिले अन् काम बंद. एकानं लावली म्हणून बंद, एकानं नेली म्हणून बंद. तुमी दोघं मिळून चांगले मामा-काका भेटले तिले."

बाजारातली चार माणसं पाहायला लागली. मला त्याचं काही वाटलं नाही. दादानं पाण्याचा डबा खाली ठेवला. थोडा वेळ हाराचा दोरा ओढत बसला. मग म्हणाला, "ने. पन समोर दिसंन अशी लावाले सांग." आणि नुसतं कसं द्यायचं म्हणून किलोभर झेंडू पिशवीत घालून दिला. मी पट्ट्या कमरेला खोचल्या आणि झेंडू बसमध्ये शेजारच्या बाईला देऊन टाकला.

दुपारी घरी पोचले. लेकीनं पट्ट्या हातातून घेतल्या. दिवे लागणाऱ्या काढल्या, या लावल्या, बसली. मी तिला तिथंच ताक नेऊन दिलं आणि दाराशी खुर्ची टाकून बसले, कोणी आत जाऊ नये म्हणून. हे एकदा आले होते. मी नुसतं पाहिलं, परत गेले. अंधार पडायच्या सुमाराला तिनं काम पाठवलं आणि टेबलावर डोकं ठेवून तशीच झोपली.

काही दिवसांनी ऑफिसचा फोन आला. चित्रं पसंत, काम कायमचं, घरूनच करा. ह्यांनी पेढे आणले. दिरांनी फोनवर सांगितलं की नव्या रॅमचा पायगुण. दादानं फोनवर सांगितलं की शेवटी मामाच्याच रॅमवर झालं ना. वरुडचं स्थळ मागं पडलं. मला वाटलं, जिंकलो आपण. मी किती वर्षांनी गुणगुणत भाकरी थापली असेन.

जेवताना लेक म्हणाली, "आई, मी पुण्याले चालली."

ह्यांचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "पण घरून करा म्हणाले ना ते?"

"मीच इचारलं त्यायले, तिथं येऊन केलं तर चालते काय. चालते म्हने." आणि मग माझ्याकडे पाहून, अगदी हळू, "आई, तिथं ऑफिसात कोनाची रॅम हाये हे कोनी इचारत नाई."

मला राग आला. तिचा नाही. ज्या पोरीला हे घर सोडायचं नव्हतं, जिला पुण्याचं नावही नको होतं, तिला आम्ही एका आठवड्यात पुण्याला पोचवलं. कोणी मारलं नाही, कोणी हाकललं नाही. सगळ्यांनी नुसता जीव लावला.

पहिला पगार झाल्यावर ती निघाली, त्या दिवशी बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर दोघंही आले. दादा हार घेऊन, दीर संत्र्याच्या बर्फीचा खोका घेऊन. यंत्र तिनं सोबतच नेलं, जुन्या रजईत बांधून, सीटखाली. मी डब्यात चढून ते नीट सरकवत होते तेव्हा हळूच विचारलं, "शेवटी कोणाची लावली?"

"माही," ती म्हणाली. "दोघायच्या बी इकल्या. भाव चांगला हाये आता. त्यात पगार घालून एक मोठी नवी घेतली. म्हनलं होतं ना, बोर्ड बदलाचं काम नाई."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मामाचा आहेर विकला म्हणून माझ्या आईनं मला उभं जाळलं असतं. मला मात्र त्या क्षणी फार बरं वाटलं. मग गाडीनं हलका झटका दिला आणि मला उतरावं लागलं.

गाडी गेली. दीर माझ्याजवळ आले, इकडं तिकडं पाहून म्हणाले, "वहिनी, लावली ना तिनं आपली?" मी म्हटलं, "हो, तुमचीच." थोड्या वेळानं ह्यांना पाण्याच्या बाटलीसाठी पाठवून दादानं कानाशी येऊन तेच विचारलं. मी म्हटलं, "हो दादा, तुझीच. समोर दिसते अशी."

दोघंही खूश झाले. बाहेर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रिक्षाचा भाव केला, आणि आमच्याकडे जेवायला आले. मी रोडगे लावले नाहीत. खिचडी टाकली. चुलीशी उभी राहून मी तिच्या रिकाम्या टेबलाकडे पाहत राहिले आणि खिचडी खाली लागली. तिघांनीही मुकाट्यानं खाल्ली.